मज्जारज्जूला मार लागल्यावर रक्त काय सांगतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुनर्वसन विभागात काम करते. मणक्याला मार लागलेला रुग्ण आला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चालेल ना?" आता त्याच्या मागोमाग आणखी एक प्रश्न येतो. कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं, कुणा भाच्याने परदेशातून कळवलेलं असतं. "रक्ताच्या तपासणीवरून कळतं म्हणे. आपल्याकडे होते का?" व्हरांड्यात उभ्याउभ्या याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

रक्त तपासून मज्जारज्जूला किती इजा झाली ते खरंच कळतं का?

संशोधनात बऱ्यापैकी कळतं. रोजच्या रुग्णालयात, एका रुग्णाच्या उपचाराचा निर्णय घेण्यासाठी, ही तपासणी अजून वापरात आलेली नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पहिली ऐकून उत्साह येतो, पण दुसरी विसरली की फसगत होते.

"नस दबली आहे" असं सांगितलंय. म्हणजे मज्जारज्जूच ना?

दरवेळी नाही. मज्जारज्जू हा मेंदूपासून निघून मणक्यांच्या पोकळीतून खाली जाणारा दोर. प्रौढ माणसात साधारण 45 सेंटीमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. कंबरदुखीत "नस दबली" म्हणतात ती बहुतेकदा या झुबक्यातली किंवा मणक्याबाहेर पडणारी एखादी नस असते. मज्जारज्जूला इजा होणं हा वेगळा आणि गंभीर प्रकार आहे. पुढचं सगळं अपघातात झालेल्या ताज्या इजेबद्दल आहे: झाडावरून, गच्चीवरून, विजेच्या खांबावरून पडणं, दुचाकीचा अपघात, उथळ पाण्यात मारलेला सूर, किंवा आजोबांचं न्हाणीघरात घसरणं.

एमआरआय झालाय, डॉक्टरांनीही तपासलंय. मग रक्ताची गरज काय?

यासाठी ती तपासणी कशी होते ते पाहायला हवं.

कापसाच्या बोळ्यातून बारीक वात ओढून काढायची. दुसऱ्या हातात सेफ्टी पिन. आधी दोन्ही रुग्णाच्या गालाला लावून दाखवायच्या, कारण गालाची संवेदना मज्जारज्जूतून जात नाही, ती शाबूत असते. "हे असं लागतंय ना? आता डोळे मिटा." मग मानेपासून पायाच्या करंगळीपर्यंत, शरीराच्या प्रत्येक बाजूला 28 ठिकाणी, एकदा कापूस आणि एकदा पिन. "टोचतंय की नुसतं हात लावल्यासारखं वाटतंय?" प्रत्येक जागेला शून्य, एक किंवा दोन गुण. नंतर दोन्ही बाजूंचे दहा-दहा ठरावीक स्नायू, प्रत्येकी पाचपैकी गुण, एकूण 100. शेवटी गुदद्वाराशी संवेदना आहे का, आणि आत बोट घालून "शी रोखून धरता तसं आवळा" म्हटल्यावर आवळलं जातं का. लोकांना हा भाग अपमानास्पद वाटतो, पण सगळ्यात जास्त माहिती तिथूनच मिळते. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकापर्यंत काही पोहोचतंय का, ते तिथे कळतं.

यावरून ए ते ई अशी श्रेणी ठरते. ए म्हणजे त्या शेवटच्या टोकाशी ना संवेदना ना हालचाल. बी म्हणजे संवेदना आहे, हालचाल नाही. सी आणि डीमध्ये इजेच्या खालीही हालचाल असते, डीमध्ये जास्त ताकदीची. ई म्हणजे सगळं ठीक.

आता अडचण पाहा. या तपासणीला रुग्ण जागा लागतो, शुद्धीत लागतो, त्याला आपली भाषा समजावी लागते. अपघाताच्या रात्री तो व्हेंटिलेटरवर असतो, झोपेच्या औषधावर असतो, डोक्याला मार लागलेला असतो, कधी प्यायलेला असतो, फासळ्या मोडल्याने कळवळत असतो. त्यात इजेनंतर काही काळ मज्जारज्जू सुन्न पडतो आणि इजेखालच्या प्रतिक्षिप्त क्रियाही थंडावतात. त्यामुळे पहिल्या काही तासांतल्या श्रेणीवर फार विसंबता येत नाही. म्हणूनच पुढचा अंदाज बांधताना 72 तासांनंतरच्या तपासणीला जास्त महत्त्व देतात.

एमआरआयमध्ये सूज दिसते, रक्तस्राव दिसतो, दाब दिसतो. पण एकाच श्रेणीच्या, जवळपास सारख्या चित्राच्या दोन रुग्णांतला एक सहा महिन्यांनी कुबड्यांवर उभा राहतो आणि दुसरा नाही, हे आम्ही वारंवार पाहतो. आत किती पेशी मेल्या आणि किती नुसत्या गपगार पडल्या आहेत, हे चित्रात सरळ दिसत नाही. रक्तातल्या खुणांकडून अपेक्षा आहे ती याच जागी.

रक्तात येतं तरी काय?

छातीत दुखलं की इमर्जन्सीत ट्रोपोनिन करतात, ते बऱ्याच जणांना माहीत असतं. हृदयाच्या स्नायूची पेशी मेली की तिच्यातलं प्रथिन रक्तात उतरतं. इथे तत्त्व तेच आहे, फक्त पेशी मज्जारज्जूच्या.

सगळ्यात जास्त अभ्यास दोन प्रथिनांचा झालाय. पहिलं जीएफएपी. मज्जारज्जूत चेतापेशींना आधार देणाऱ्या, ताऱ्यासारख्या आकाराच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी असतात. त्यांच्या आतला सांगाडा या प्रथिनाचा असतो. दुसरं न्यूरोफिलामेंट लाइट, लघुरूप एनएफएल. चेतापेशीच्या लांब तंतूला आतून ताठ ठेवणाऱ्या दोऱ्यांतलं हे एक. तंतू तुटला की ते सुटतं. याच दोऱ्यांतलं जड भावंड म्हणजे न्यूरोफिलामेंट हेवी. त्यावर जपानमध्ये बरंच काम झालंय. शिवाय चेतापेशीच्या मुख्य भागातलं यूसीएच-एल1, तिच्या तंतूंतलं टाऊ, आणि दाह सुरू झाल्याची वर्दी देणारी इंटरल्यूकिन-6, इंटरल्यूकिन-8 वगैरे.

प्रमाण किती सूक्ष्म असतं ते लक्षात घ्या. ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोग्रॅम, आणि हे आकडे एका मिलिलिटरमागे पिकोग्रॅममध्ये येतात. जुन्या पद्धतींना रक्तातलं एनएफएल नीट पकडता येत नव्हतं. एकेक रेणू मोजणारी सिमोआसारखी यंत्रं आल्यावर हे क्षेत्र खऱ्या अर्थाने पुढे सरकलं.

रक्त कधी काढलं यानेही फरक पडतो का?

फार पडतो. यूसीएच-एल1 काही तासांत चढतं आणि लवकर उतरतं. जीएफएपीसुद्धा तासांतच वर जातं, पहिल्या एक-दोन दिवसांत शिखर गाठतं आणि ओसरू लागतं. एनएफएल सावकाश चढतं, दिवसेंदिवस वाढत राहतं आणि अनेक आठवडे वरच राहतं. म्हणून "जीएफएपी इतकं आलं" याला, अपघातानंतर कितव्या तासाला, हे जोडल्याशिवाय अर्थ नाही. आपल्याकडे रुग्ण आधी गावच्या दवाखान्यात, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला, तिथून शहरात असा फिरत येतो. कागदावर "अपघात: काल संध्याकाळी" एवढंच असतं. उद्या ही तपासणी इथे आली, तर यंत्राइतकंच घड्याळ सांभाळावं लागेल.

पाठीतलं पाणी काढूनही हे तपासतात म्हणे. मग रक्त कशाला?

सुरुवात पाठीतल्या पाण्यापासूनच झाली. ते मज्जारज्जूला चिकटून असतं, त्यामुळे ही प्रथिनं त्यात रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. कॅनडातल्या व्हँकूव्हरला ब्रायन क्वॉन यांच्या गटाने 2010 मध्ये 27 रुग्णांचा अभ्यास मांडला. पाठीत बारीक नळी ठेवून पहिल्या 24 तासांतलं पाणी तपासलं. एस100बी (अ‍ॅस्ट्रोसाइट पेशींतलंच आणखी एक प्रथिन), जीएफएपी आणि इंटरल्यूकिन-8 या तिघांवरून रुग्ण ए, बी की सी श्रेणीतला, हे 89 टक्के वेळा बरोबर ओळखता आलं. रुग्ण थोडेच होते, पण दिशा मिळाली. त्याच गटाने 2023 मध्ये शंभराहून अधिक रुग्णांत पाणी आणि रक्त, दोन्हींतल्या एनएफएल आणि जीएफएपीची तुलना मांडली, आणि रक्तातले आकडेही इजेच्या तीव्रतेप्रमाणे वर जातात हे दाखवलं.

पाणी जास्त बोलकं असतं, पण ते काढायला पाठीत सुई घालावी लागते, आणि ताज्या अपघातातल्या, मणका मोडलेल्या माणसाला त्यासाठी कुशीवर वळवायचं म्हणजे जोखीम. रक्त दंडातून निघतं आणि दर सहा तासांनीही काढता येतं. माझं मत विचाराल तर भवितव्य रक्ताचंच आहे.

डोक्यालाही मार लागला असेल तर?

तर गोंधळ होतो, आणि हा प्रसंग काही क्वचितचा नाही. दुचाकीच्या अपघातात मान आणि डोकं दोन्ही सापडतात. मेंदू आणि मज्जारज्जू एकाच प्रकारच्या पेशींचे बनलेले आहेत. रक्तात आलेलं जीएफएपी वरून आलं की खालून, हे त्या रेणूवर लिहिलेलं नसतं.

याला जोडूनच एक गैरसमज. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, 2018 मध्ये जीएफएपी आणि यूसीएच-एल1 यांवर आधारलेल्या रक्ततपासणीला मान्यता दिली, ही बातमी खरी आहे. पण ती डोक्याच्या सौम्य इजेसाठी, सीटी स्कॅनची गरज आहे की नाही ते ठरवायला. मज्जारज्जूसाठी ती मान्यता नाही.

एस100बी आणि एनएसई या तपासण्या तर आधीपासून होतात ना?

होतात, दुसऱ्या कारणांसाठी. एस100बी त्वचेतल्या कर्करोगाच्या, मेलानोमाच्या पाठपुराव्यात वापरतात. नाव विचित्र वाटतं, पण कारण साधं आहे: अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही हे प्रथिन विरघळलेलं राहतं. ते चरबीतही असतं. त्यामुळे मांडीचं हाड मोडलेल्या, अंगभर मुका मार लागलेल्या माणसात मज्जारज्जू धडधाकट असूनही ते वाढतं.

एनएसईची गोष्ट तर ट्यूबमध्येच बिघडते. हे चेतापेशींतलं द्रव्य तांबड्या पेशींतही असतं. सुई दोनदा फिरवून, सिरिंज जोरात ओढून रक्त घेतलं, किंवा ट्यूब दुपारभर बाकावर पडून राहिली, की तांबड्या पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर वरचा द्रव फिकट पिवळा दिसायला हवा, तो सरबतासारखा गुलाबी दिसतो. त्या नमुन्यातला एनएसईचा आकडा मज्जारज्जूबद्दल काहीच सांगत नाही, रक्त कसं काढलं तेवढंच सांगतो.

आमच्या लॅबच्या यादीत एनएफएल आहे. स्वतःच्या खर्चाने करून घेऊ का?

माझा सल्ला: नको. पैसे वाचतील म्हणून सांगत नाही, तो आकडा हातात आल्यावर त्याचं काय करायचं हेच ठरलेलं नाही म्हणून सांगते. अमुक आकड्याच्या वर ए श्रेणी, अमुकच्या खाली चालणार, अशी सर्वमान्य रेघ अजून आखलेली नाही. एनएफएल वयाप्रमाणे आपोआप वाढतं. मूत्रपिंड अधू असेल तर वाढतं. हातापायांच्या नसांतही ते असतं, म्हणजे खांद्याची नस तुटली तरी वाढतं. न्हाणीघरात पडलेल्या सत्तरीच्या आजोबांचा आकडा आणि पंचविशीतल्या मुलाचा आकडा शेजारी ठेवून काही निघत नाही. असा रिपोर्ट हातात धरून रात्रभर जागलेली कुटुंबं मला पाहायची नाहीत.

साध्या सीबीसीवरून, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीवरून, काही कळतं का?

हा माझ्या आवडीचा प्रश्न, कारण हे आपल्या प्रत्येक तालुक्यात होतं.

मज्जारज्जूला इजा झाली की सगळं शरीर ढवळून निघतं. पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. या दोघांच्या गुणोत्तराचा इजेच्या तीव्रतेशी आणि पुढच्या सुधारणेशी काय संबंध, यावर बरेच अभ्यास झालेत. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन सीबीसीत नाही, वेगळ्या साध्या तपासणीत कळतं; ते कमी राहणाऱ्या रुग्णांची सुधारणाही कमी असल्याचं दिसलंय. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी तर 2025 मध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या नेहमीच्याच रक्ततपासण्या घेतल्या आणि त्या दिवसागणिक कशा बदलत गेल्या ते संगणकाला शिकवलं. एका दिवसाच्या आकड्याऐवजी आकड्यांची चाल पाहायची, ही कल्पना मला फार पटते. वॉर्डात अनुभवी सिस्टर चार्ट पाहताना हेच तर करते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रॅक-एससीआय या अभ्यासाशी जोडलेल्या गटाने आणखी वेगळी वाट धरली. 2021 मध्ये त्यांनी पांढऱ्या पेशींतला आरएनए, म्हणजे जनुकांची नक्कल, वाचून कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद झाली यावरून इजेची तीव्रता ओळखता येते, असं दाखवलं.

पण सावध राहा. न्यूट्रोफिल न्यूमोनियात वाढतात, लघवीच्या संसर्गात वाढतात, स्टेरॉइड दिलं तरी वाढतात. अल्ब्युमिन पोट नीट न भरल्यानेही घटतं. तुमच्या फाइलमधल्या सीबीसीवरून घरीच भाकीत करायला जाऊ नका.

यामुळे उपचार बदलतील का?

आजचे नाही. उद्याच्या औषधांसाठी मात्र याचं मोल मोठं आहे.

1990च्या दशकात उत्तर अमेरिकेत सायजेन नावाच्या औषधाची चाचणी झाली. साडेसातशेहून जास्त रुग्ण, अनेक केंद्रं, वर्षानुवर्षं काम. शेवटी मुख्य निकषावर औषध आणि खोटं औषध यांत फरक दिसला नाही. अशा चाचण्यांत अडचण अशी की काही रुग्ण औषधाविनाही बरेच सुधारतात आणि काही मुळीच नाही. एकाच श्रेणीत ही दोन्ही माणसं बसलेली असली, की औषधाचा छोटा परिणाम त्या गर्दीत हरवतो. रक्तातल्या खुणांनी आधीच नीट गट पाडता आले, तर थोड्या रुग्णांत उत्तर मिळेल. आणि बेशुद्ध रुग्णालाही चाचणीत घेता येईल. आज तो तपासता येत नाही म्हणून बाहेर राहतो.

औषध आत पोहोचून काही करतंय का, हेही कळू शकतं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मिनोसायक्लिन घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात एनएफएल कमी आढळलं. मुरुमांवर देतात तेच हे प्रतिजैविक. त्यावरून औषध लागू पडतं असं सिद्ध होत नाही, पण आतली पडझड मोजता येऊ शकते, एवढं दिसलं.

हे फक्त माणसांत पाहतात का?

कुत्र्यांतही. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या, आखूड पायांच्या कुत्र्यांत मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जू दाबला जातो. काहींचा मज्जारज्जू पुढे विरघळत जातो आणि कुत्रं जगत नाही. त्यांच्या रक्तात जीएफएपी सापडणं ही त्याची आगाऊ सूचना ठरू शकते, असं पशुवैद्यकांना आढळलंय.

उद्या तपासणी आली आणि आकडा वाईट आला, तर आशा सोडायची का?

नाही, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही. असे आकडे शंभर रुग्णांच्या गटाबद्दल बोलतात. त्यातला तुमचा माणूस कोणता, हे ते सांगत नाहीत. मला भीती उलटी वाटते. आकडा वाईट म्हणून कुणी शस्त्रक्रिया लांबवेल, विमा कंपनी पुनर्वसनाचा खर्च नाकारेल, घरचेच म्हणतील "आता कशाला एवढं". ए श्रेणीतल्या माणसालाही खुर्चीत बसणं, स्वतः कॅथेटर घालणं, पलंगावरून खुर्चीत सरकणं, कामावर परत जाणं शिकवता येतं. त्या शिकवण्याला कुठल्याही प्रथिनाची परवानगी लागत नाही.

संशोधनासाठी रक्त मागितलं तर द्यावं का?

रुग्णालयाच्या नीतिसमितीने मान्यता दिलेला अभ्यास असेल तर द्यावं असं मला वाटतं. संमतीपत्र मराठीत मागा. किती वेळा, किती मिलिलिटर, नमुना किती वर्षं ठेवणार, नाव झाकणार का, हे विचारा. नकार दिला तरी उपचारात फरक पडता कामा नये, आणि दिलेली संमती नंतरही मागे घेता येते. आजवरचे बरेचसे अभ्यास उत्तर अमेरिका आणि युरोपातल्या रुग्णांचे आहेत. झाडावरून पडून बारा तासांनी पोहोचलेल्या आपल्या माणसाचे आकडे त्यात फारसे नाहीत.

तोवर आमच्या हातात काय आहे?

पुष्कळ. अपघाताच्या जागी माणसाला हातापायाला धरून उचलून रिक्षात दुमडून बसवू नका. 108 ला फोन करा, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून सपाट फळीवर घ्या. शक्य तिथे 24 तासांच्या आत दाब मोकळा करणारी शस्त्रक्रिया व्हावी, असं आजची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पहिल्या दिवसांत रक्तदाब पडू न देणं मज्जारज्जूसाठी फार मोलाचं असतं. आयसीयूतला तो खर्च वायफळ नाही. आणि दर दोन तासांनी कूस बदलणं. माकडहाडावरची लाल झालेली जागा दाबून पाहा, पांढरी होत नसेल तर लगेच सिस्टरला दाखवा. पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेत (बेडसोर) गेलेले तीन महिने कुठलीच तपासणी परत देत नाही.

डॉक्टरांकडे नेमकं काय मागायचं?

कापूस आणि पिन घेऊन केलेल्या तपासणीचा भरलेला तक्ता. त्यावर माणसाच्या शरीराची आकृती असते, दोन्ही बाजूंना आकड्यांचे रकाने, आणि तळाशी ए ते ईपैकी एक अक्षर. पहिला तक्ता कोणत्या तारखेला, कितव्या तासाला भरला, तेव्हा रुग्ण जागा होता का, हे त्यावर लिहून घ्या. 72 तासांनंतरचा दुसरा मागा, डिस्चार्जच्या दिवशीचा तिसरा. डिस्चार्जच्या फाइलमध्ये औषधांची यादी आणि बिलं असतात, नेमका हा कागद अनेकदा नसतो. माझ्याकडे पहिल्या दिवशी याल तेव्हा मी सगळ्यात आधी तोच मागेन.